चिखलात उभी झाडं श्वास कशी घेतात? ऐरोलीच्या कांदळवनातली पायवाट दाखवते उत्तर

शेतात पाणी साचलं की पीक पिवळं पडतं, हे जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पिंपरी पेंढारचा कांदा असो की नारायणगावचा टोमॅटो, वाफसा नसेल तर मुळं गुदमरतात. वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असणं. मग जी झाडं जन्मभर पाण्यात आणि चिखलात उभी असतात, त्यांची मुळं का कुजत नाहीत?

याचं उत्तर डोळ्यांनी बघायचं असेल तर माळशेज घाट उतरून, कल्याणमार्गे नवी मुंबईतल्या ऐरोलीला जायचं. तिथे ठाणे खाडीच्या काठावर वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. २०१७ साली सुरू झालेल्या या केंद्रात कांदळवनातून जाणारी एक छोटी उंचावरची पायवाट आहे. तिलाच ‘बोर्डवॉक’ म्हणतात.

पायवाट उंचावर का?

पहिलं कारण साधं आहे. खाली चिखल आहे आणि त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतो. दिवसातून दोनदा भरतीचं पाणीही आत येतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. खालच्या चिखलातून पेन्सिलीसारखी असंख्य टोकं वर आलेली दिसतात. ही वाळकी काटकी नव्हे, झाडाची मुळं आहेत. माणसं त्यांच्यावरून चालू लागली तर ती मोडतात आणि चिखल दाबला जातो. झाड वरून हिरवं दिसत राहतं, पण खाली त्याचा श्वास कोंडत जातो. माणसाने जंगल बघावं, पण त्याला धक्का लावू नये, म्हणून वाट खांबांवर उचललेली असते.

श्वास घेणारी मुळं

खाडीच्या चिखलात वाफसा जवळजवळ नसतोच. वरच्या पातळ थराखाली हवा पोचत नाही. त्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तोही त्यामुळेच. हवेशिवाय जगणारे जीवाणू तिथे काम करत असतात. यावर प्रत्येक झाडाने आपापला मार्ग काढला आहे.

तिवराची मुळं जमिनीखाली आडवी पसरतात आणि त्यांना वरच्या दिशेने पेन्सिलीसारखे फाटे फुटतात. चिप्पीचे फाटे जाड आणि शंकूसारखे असतात. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात. ओहोटीला त्यातून हवा आत जाते आणि आतल्या पेशींमधल्या पोकळ जागांतून खालच्या मुळांपर्यंत पोचते. कांदळाची तऱ्हा वेगळी. त्याच्या खोडातून कमानीसारखी मुळं निघून चिखलात रोवली जातात. ती झाडाला आधारही देतात आणि हवाही.

मिठाचा बंदोबस्तही असतो. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. उन्हाच्या वेळी पान नीट पाहिलं तर त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात. कांदळ बरंचसं मीठ मुळापाशीच अडवतं. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं. शेंगेसारखं लांब रोप खाली पडतं, चिखलात उभं रुततं किंवा पाण्याबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतं.

वाटेवर काय दिसतं?

ओहोटीची वेळ गाठली तर चिखलावर हालचाल दिसते. एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे ती हलवत असतात. ती नराची नांगी, मादीला बोलवण्यासाठी आणि दुसऱ्या नराला दम देण्यासाठी. चिखलावर टुणटुण उड्या मारणारे मासे म्हणजे कोळी बांधवांच्या ओळखीच्या निवट्या. त्या ओल्या त्वचेतूनही श्वास घेतात.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी येतात. त्यांच्यासाठी २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली या खाडीला ‘रामसर’ पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

गोड्या पाण्यातलं भावंड

अशा वाटा जगात बऱ्याच ठिकाणी आहेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडात कॉर्कस्क्रू अभयारण्यातल्या सायप्रसच्या दलदलीत सुमारे साडेतीन किलोमीटरची अशी वाट आहे. तिथल्या सायप्रसची मुळं गुडघ्यासारखी वर येतात. हे गुडघे हवेसाठी की आधारासाठी, यावर शास्त्रज्ञांचा वाद फार जुना आहे.

तसेच मुळांचे गुडघे महाराष्ट्रातही दिसतात. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे रान जायफळाची गोड्या पाण्याची दलदल आहे. गावकऱ्यांनी ती देवराई म्हणून राखली. २०२१ साली तिथल्या २.५९ हेक्टर जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राई याच जातीची.

मग धोका कशाला?

२०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार महाराष्ट्रात सुमारे ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. हे जंगल लाटांचा जोर कमी करतं, गाळ अडवतं आणि माशांच्या पिलांना आसरा देतं. खाडीतली मासेमारी त्यावर टिकून आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली, तेव्हा मिठी नदीकाठी बुजवलेल्या कांदळवनांचा विषय पहिल्यांदा घराघरात पोचला.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर बंदी घातली. २०१८ च्या निकालात ही बंदी कायम झाली आणि सभोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण मिळालं. मात्र ‘सार्वजनिक हिताच्या’ प्रकल्पांसाठी न्यायालयाची परवानगी मागता येते. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटी तोडायला २०२२ साली अशीच परवानगी मिळाली.

बदल्यात दुसरीकडे रोपं लावली जातात. पण लावलेलं रोप तगायला भरती-ओहोटीचं पाणी त्याच्यापर्यंत योग्य उंचीवर पोचावं लागतं. शिवाय उघड्या चिखलाच्या मैदानावर रोपं लावली तर पक्ष्यांची चरायची जागाच जाते. म्हणून तोडलेलं जंगल आणि लावलेली रोपं यांचा हिशेब नुसत्या आकड्याने जुळत नाही.

जाताना हे लक्षात ठेवा

- भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. मुळं, खेकडे आणि निवट्या पाहायच्या तर ओहोटीच बरी.
- केंद्राच्या वेळा आणि सुट्टीचा दिवस निघण्यापूर्वी तपासा.
- पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांसाठी मलम सोबत असू द्या.
- फोटोसाठी वाटेखाली उतरू नका. एक पाऊलही कित्येक मुळं मोडू शकतं.
- प्लॅस्टिक परत घेऊन या. भरतीच्या पाण्याबरोबर ते मुळांत अडकतं आणि त्यांची हवा अडवतं.

पायवाट छोटी आहे, अर्ध्या तासात संपते. पण शेतात वाफशाची वाट बघणाऱ्या माणसाला तिथली गोष्ट कुणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मुळाला हवा मिळाली तरच झाड जगतं, शेतात काय आणि खाडीत काय.