एका पैशाचे भागीदार: तळेगावच्या काच कारखान्याची गोष्ट

१/ शेअर बाजारात एक वाद पुन्हा पुन्हा रंगतो. नव्या प्रकारचा पदार्थ बनवणारी एखादी कंपनी असते. तिचे तंत्र आश्वासक असते, पण ताळेबंद तोट्याचा आणि शेअर काही रुपयांत मिळणारा. एक पक्ष म्हणतो, धीर धरा. दुसरा म्हणतो, पैसे बुडाले असेच समजा. पुणे जिल्ह्याने हा प्रश्न शतकापूर्वी अनुभवला आहे. तेव्हाचा तो पदार्थ होता काच. #थ्रेड #इतिहास

२/ त्या काळी पुण्यात लोकांकडून पैसा कसा उभा राहत असे, हे कर्वेनगरच्या इतिहासात दिसते. हा भाग म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला आश्रम १९०० मध्ये येथील माळावर, एका झोपडीत आला. सुटी लागली की कर्वे वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. देणारा बहुधा मध्यमवर्गीय आणि रक्कम लहान असे. लाभांशाची अपेक्षा कोणालाच नव्हती.

३/ शाळेला जे जमले ते कारखान्याला जमेल का? अंताजी दामोदर काळे यांचे उत्तर ‘होय’ असे होते. प्रत्येकाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभारावेत, ही त्यांची कल्पना. तोच पुढे ‘पैसा फंड’ म्हणून प्रसिद्ध झाला. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेचा पुरस्कार केला.

४/ या कल्पनेचे गणित मात्र कठीण होते. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला ६४ पैसे. एक लाख रुपये जमवायचे तर ६४ लाख माणसांपर्यंत पोहोचायला हवे. त्याची दुसरी बाजू अशी की, कारखाना बुडाला तरी कोणाचे घर बुडणार नव्हते. जोखीम इतकी वाटली गेली होती की ती जवळजवळ नाहीशी झाली होती.

५/ काचच का निवडली? बांगड्या, चिमण्या, बाटल्या आणि तावदाने यांची घरोघरी गरज होती, आणि चांगला माल ऑस्ट्रिया, बेल्जियम, जपान अशा देशांतून येई. पारंपरिक काच बनवणारे कारागीर भारतात होते. आधुनिक भट्टीचे शास्त्र जाणणारी माणसे अत्यंत थोडी होती.

६/ १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत काचेचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे तंत्रज्ञ होते. त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. फंडाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता कारखान्याच्या पहिल्याच वर्षी दूर गेला.

७/ काच म्हणजे वाळू, सोडा ॲश आणि चुना यांचे सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सियसला वितळवलेले मिश्रण. वाळूत लोह असेल तर काच हिरवट होते. मूस तडकली तर आतला माल वाया जातो. तयार वस्तू घाईने थंड झाली तर फुटते. भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, आणि चांगला कोळसा तर बंगाल-बिहारकडून यायचा.

८/ म्हणून स्वदेशीच्या लाटेत निघालेले अनेक काच कारखाने पहिल्या महायुद्धापूर्वीच बंद पडले. उत्साह होता, थोडेफार भांडवलही होते. अनुभवी हात नव्हते. तळेगावचा कारखाना मात्र टिकला, आणि त्याने माल बनवण्याइतकेच महत्त्व माणसे घडवण्याला दिले. तेथे शिकलेले लोक देशातील इतर काच कारखान्यांत गेले. वार्ष्णेय यांचे नाव पुढे संयुक्त प्रांतातील बहजोईच्या काच कारखान्याशी जोडले गेले.

९/ याच सुमारास दुसरा मार्गही चोखाळला जात होता. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीसाठी लंडनचा बाजार प्रतिकूल ठरला, तेव्हा भांडवल मुंबईत मागितले गेले. सुमारे तीन आठवड्यांत जवळपास ८००० भारतीयांनी ते पुरवले. हे दान नव्हते. येथे शेअर होता, भाव होता आणि लाभांशाची आशाही होती.

१०/ युद्धानंतर स्वस्त परदेशी पोलाद आले आणि १९२४ मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात आली. दोराबजी टाटांनी स्वतःची मालमत्ता तारण ठेवली. त्याच वर्षी सरकारने पोलादाला जकातीचे संरक्षण दिले आणि कंपनी वाचली. सामान्य भागधारकाला मात्र नंतरही कित्येक वर्षे लाभांशाविना राहावे लागले. ‘धीर धरा’ म्हणणारे अखेर बरोबर ठरले, पण त्या धीराची मुदत कोणीच आधी सांगू शकले नसते.

११/ काचेच्या वाट्याला असे संरक्षण आले नाही. १९३० च्या दशकात टॅरिफ बोर्डाने शिफारस केली, पण सोडा ॲशसारखा मुख्य कच्चा माल देशात होत नाही, हे कारण देऊन सरकारने ती नाकारली. तळेगावात घडलेल्या कोणत्याही कुशल कारागिराला या अडचणीवर उपाय नव्हता.

१२/ आणि तिसरा प्रकार. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यामुळे बुडाली. तिचे ठेवीदार स्वतःला जुगारी समजत नव्हते. जो धोका त्यांनी पत्करलाच नव्हता, त्याची किंमत त्यांना मोजावी लागली.

१३/ या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की जुन्या वादाची मांडणी बदलते. कंपनी चांगली की वाईट, हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा: तिची नेमकी अडचण कोणती आणि लोकांचा पैसा त्याच अडचणीवर खर्च होतो आहे का? तळेगावात कौशल्याचा अभाव ही मोठी अडचण होती आणि पैसा कौशल्यावर खर्च झाला. पोलादाची अडचण बाजाराची होती; ती भागधारकांच्या निष्ठेने नव्हे, सरकारी निर्णयाने सुटली.

१४/ पैसा फंडाच्या देणगीदाराला परतावा मिळाला, पण तो त्याच्या खिशात आला नाही. तो इतरांच्या कारखान्यांत, इतरांच्या हातांत गेला. देशाच्या हिशेबात ही उत्तम गुंतवणूक होती. घरखर्चाच्या हिशेबात ती एका पैशाचे दान होती, आणि देणाऱ्यालाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

१५/ नव्या उद्योगाच्या अगदी सुरुवातीच्या काळात लावलेल्या पैशाचा लाभ पुष्कळदा तो लावणाऱ्यापेक्षा मागून येणाऱ्यांना होतो. हिंगण्याच्या आश्रमाला वर्गणी देणारे हे जाणूनच देत होते. आजचा लहान भागधारक मात्र तोट्यातल्या कंपनीवर घरची बचत लावतो आणि त्याला भविष्यावरचा विश्वास म्हणतो. तो विश्वास खराही असेल. पण एक पैसा आणि घरची बचत यांतले अंतर काळे यांच्या योजनेने जितके ओळखले होते, तितके ते आजच्या चर्चेत क्वचितच दिसते. (समाप्त)