कारखाना काढणारा शिक्षक

पनवेलच्या एका बाजूला तळोजा, दुसऱ्या बाजूला रसायनी आणि पाताळगंगा. इतक्या कारखान्यांच्या शेजारी आपल्या शाळा भरतात. तरी शाळेचा आणि कारखान्याचा संबंध येतो तो बहुधा विज्ञान प्रदर्शनापुरता. कंपनी बक्षिसे देते, पाहुणे भाषण करतात, मंडप उतरतो. मुलांना विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे वळवायचे असेल तर उद्योगाकडून याहून अधिक काय मागावे? या प्रश्नाचे एक जुने उत्तर महाराष्ट्रातच, सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत सापडते. ते थोडे तपासून पाहू.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पण आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर तो नाद सोडावा लागला. रेषा मात्र पक्की होती. तिच्या बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवू लागले. फावल्या वेळात संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रांवर स्वतः काम करून त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. पुढे त्यांना डावलून बढतीची जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला थोरले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर व्यवसायात उतरले.

सायकलींच्या दुकानापासून सुरुवात झाली. मग कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडणे भाग पडले. तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

या माळावर पदवीधर अभियंते कोठून येणार? लक्ष्मणरावांनी जी माणसे उभी केली, त्यांत परीक्षेत नापास झालेले शंभूराव जांभेकर होते आणि शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर होते. दोघेही तेथे उत्तम अभियंते झाले. शाळेने ज्यांना नापास ठरवले, त्यांना एका माजी शिक्षकाने कारखान्यात शिकवले, हे आपण शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे.

ओतशाळेत काय शिकायला मिळते ते एका उदाहरणाने पाहू. ओतीव लोखंडात साधारण तीन टक्के कार्बन असतो. रस सावकाश थंड झाला की हा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. लोखंड करडे राहते आणि त्यावर कानस चालते. रस झटकन थंड झाला की कार्बन लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट हे संयुग बनते. लोखंड पांढरे, अतिशय कठीण आणि ठिसूळ होते. वाळूच्या साच्यात एका बाजूला लोखंडी पट्टी बसवली, तर तेवढीच बाजू लवकर थिजून कठीण होते. म्हणजे रासायनिक घटना तीच ठेवून केवळ थंड होण्याचा वेग बदलला, तरी गुणधर्म बदलतात. पुस्तकात हे एक वाक्य असते. फाळ कठीण हवा पण दगडावर आपटून मोडता कामा नये, ही अडचण ज्याच्यापुढे आहे त्याला मात्र ते वाक्य शोधावेच लागते.

पण हातांचे शिक्षण पुरेसे नव्हते. पंप किंवा इंजिन बनवायचे तर गणित लागते, द्रवगतिशास्त्र लागते. लक्ष्मणरावांनी आपले पुत्र शंतनुराव यांना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवले. १९२६ मध्ये ते यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले. १९४६ मध्ये पुण्याला तेल इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या यंत्रांचा कारखाना सुरू झाला, त्यामागे ही दोन्ही शिक्षणे होती. दरम्यान १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याचे हे पत्र पुढे घरोघरी वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि उद्योग व विज्ञाननिष्ठा यांचे विचार त्याने मराठी तरुणांपर्यंत पोचवले.

या उत्तराची मर्यादाही सांगितली पाहिजे. माळावरच्या मुलाला संधी मिळाली ती मालकाच्या पारखी नजरेमुळे. परदेशी पदवीची वाट मालकाच्या घरातून गेली. गुणी मुलाचे भवितव्य अशा योगायोगावर अवलंबून राहू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ठरावीक आकाराच्या कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. म्हणजे जे एकेकाळी औदार्य होते ते आता कर्तव्य आहे.

म्हणून पनवेल परिसरातील शिक्षकांना आमची सूचना अशी. पुढच्या वेळी कंपनीकडे ढालीऐवजी एक टाकून दिलेला पंप आणि तो खोलून दाखवणारा कारागीर मागावा. मुलांनी पंख्याची पाती मोजावीत, पाणी मधून शिरून कडेने का बाहेर पडते ते वहीत काढावे. त्याच भेटीत कारखाना किती उमेदवार घेतो, त्यांना गणित कोण शिकवते आणि त्यांत मुली किती, हेही विचारून घ्यावे. नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांना या कामात आधी पुढे बोलवावे.