वेळ की वेल?

नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस सुटली की मामा पिशवीतून वही काढायचे. बारा वर्षं आम्ही त्या वहीतच बोललो. टीबीच्या इंजेक्शनांनी चाळिशीत त्यांचे दोन्ही कान गेले होते. शेवटी दिंडोरीच्या द्राक्षबागेतला एक तुकडा विकून मुंबईत एका कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. यंत्र सुरू केलं त्या दिवशी मामींनी विचारलं, ‘अहो, ऐकू येतंय का?’ मामांनी वहीत लिहिलं, ‘पत्र्यावर खडे पडतायत.’

या खड्यांचं बोलणं कसं होणार, ते शोधता शोधता मी यंत्राच्या इतिहासात शिरलो. तिथे पानोपानी मामांसारखीच माणसं भेटली. मोठी, कान गेलेली आणि खडे ऐकायला तयार झालेली.

१९५७ साली पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूला वीज दिली. त्याला आवाज कळला, बोलणं जवळपास नाहीच. १९६१पासून लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाऊस यांनी एकाच इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवायला सुरुवात केली. १९७७ साली अशा तेरा जणांची तपासणी झाली. ओठ वाचायला मदत होते, दाराची कडी कळते, पण नुसत्या आवाजावरून वाक्य समजत नाही, असं दिसलं.

कारण सोपं आहे. कानातला कॉक्लिया हा शंखासारखा वेटोळा. त्याच्या तोंडाशी बारीक, उंच स्वर उमटतात, आत टोकाशी खर्जातले. जणू गुंडाळून ठेवलेली हार्मोनियमची पट्टी. एका इलेक्ट्रोडने ठेका कळतो, सूर नाही.

म्हणून अनेक इलेक्ट्रोड हवे होते. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर यांनी बनवलेलं तसं इम्प्लांट १९७७ च्या डिसेंबरात बसवलं गेलं. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांचे वडील कानाने अधू होते. वेटोळ्यात तार आत कशी सरकवायची, हे त्यांना समुद्रकिनारी शिंपल्यात गवताची पाती घालून पाहताना उमगलं. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी अपघातात ऐकणं गमावलेल्या रॉड सॉन्डर्स यांच्यावर शस्त्रक्रिया केली.

तरी एक अडचण उरली. कानातल्या खारट द्रवात शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडची वीज एकमेकीत मिसळते. १९९१ साली ब्लेक विल्सन यांनी सगळ्यांना एकदम न वाजवता अतिशय वेगाने, पाळीपाळीने वाजवून दाखवलं. इलेक्ट्रोड तेच, पण शब्द बरेच स्पष्ट झाले.

आज कुठल्या कंपनीच्या इम्प्लांटमध्ये १२ इलेक्ट्रोड असतात, कुठल्या १६, कुठल्या २२. मोबाइलचे मेगापिक्सेल मोजायची सवय असल्याने मी २२ वर अडून बसलो होतो. पण २००१ सालच्या एका अभ्यासात दिसलं की सात-आठ स्वतंत्र वाटांपुढे बहुतेकांना फारसा फायदा होत नाही. फरक पडतो तो किती वर्षं ऐकू येत नव्हतं, श्रवणतंतू किती शाबूत आहेत आणि सराव किती केला, यावरून. भाषा आधीपासून येत असेल, तर मेंदू गाळलेल्या जागा भरतो.

मामींनी रोज संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचायला घेतला. मामांना ‘बस’ आणि ‘मस’ लवकर वेगळे कळले. ‘मन’ की ‘मण’, ‘काल’ की ‘काळ’, इथे मात्र ते अडायचे. जीभ तोंडात कुठे टेकते, एवढाच हा फरक. नेमकी तीच माहिती इम्प्लांटमधून सगळ्यात कमी पोचते.

एक गोष्ट मला खुपते. अमेरिकेत इम्प्लांटला मान्यता मिळाली ती मोठ्यांसाठी १९८४ साली आणि मुलांसाठी १९९० साली. आपल्याकडे २०१४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारची एडिप योजना इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंत मदत देऊ लागली, तीही मुलांनाच. बाळाचं भाषा शिकण्याचं वय निघून जातं, त्यामुळे मुलं आधी, हे पटतं. पण ज्यांच्या कानांवर हे शास्त्र उभं राहिलं, त्यांच्या वयाच्या माणसांना जमीन विकावी लागते.

परवा मामांनी पहिल्यांदाच मला फोन केला. मी विचारलं, ‘मामा, वेळ आहे ना तुम्हाला?’

पलीकडे क्षणभर शांतता. मग हसू.

‘वेल म्हणालास की वेळ? वेल बागेत आहेत. वेळ आहे, बोल.’