पाचशे फूट, पण कुठून कुठे?

"अमेरिकेत भाजी आणावी तशी बंदूक आणता येते ना रे?" हा मामांचा ठरलेला प्रश्न. एका वाक्यात उत्तर देणं अवघड, म्हणून आमच्या काउंटीतलीच एक हकीकत लिहून ठेवतो.

आमची अलामेडा काउंटी म्हणजे ओकलंड, बर्कली, फ्रीमाँट वगैरे. पण काही वस्त्या कुठल्याच शहराच्या हद्दीत येत नाहीत. तिथला कारभार थेट काउंटीकडे. सॅन लॉरेन्झोकडच्या अशाच एका भागात २०१० साली तीन भागीदारांनी बंदुकांचं दुकान काढायचं ठरवलं. काउंटीचा नियम असा, की असं दुकान निवासी भाग, शाळा, दारूचं दुकान आणि दुसरं बंदुकांचं दुकान या सगळ्यांपासून किमान ५०० फूट लांब हवं.

आता ५०० फूट मोजायचे कुठून? भागीदारांनी दारापासून दारापर्यंत मोजले, अंतर भरलं. काउंटीच्या माणसांनी इमारतीच्या भिंतीपासून मोजले, तर ४४६ फूट! गंमत म्हणजे एका बाजूची घरं ८८० नंबरच्या अवाढव्य महामार्गापलीकडे होती. डिसेंबर २०११ मध्ये झोनिंग बोर्डाने खास सवलत देऊन परवानगी दिली. रहिवाशांच्या संघटनेने अपील केलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये काउंटीच्या सुपरवायझर मंडळाने ती परवानगी रद्द केली.

भागीदार फेडरल कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, नियम नावाला ५०० फुटांचा, पण नकाशा घेऊन बसलं तर त्यात बसणारी जागाच सापडत नाही. म्हणजे ही बंदीच झाली की!

खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. २०१६ मध्ये अपील कोर्टाचे तीन न्यायाधीश दोन विरुद्ध एक असे भागीदारांच्या बाजूने गेले. विकतच मिळत नसेल तर बंदूक बाळगण्याच्या हक्काला अर्थ काय, असा मुद्दा. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच कोर्टाचे अकरा न्यायाधीश बसले आणि नऊ जणांनी उलट निकाल दिला. हक्क घेणाऱ्याचा आहे, विकणाऱ्याला स्वतःचा असा वेगळा घटनात्मक हक्क नाही. आणि घेणाऱ्याचं काही अडलेलं नव्हतं. काउंटीत दहा दुकानं होती, त्यातलं एक तर या जागेपासून साधारण ६०० फुटांवर! मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. संपलं.

शस्त्रविक्रीवर पूर्वीपासून निर्बंध होते, हे दाखवायला निकालात वसाहतींच्या काळातले कायदेही आले. त्यातले बरेच मूळ रहिवाशांच्या हाती बंदुका पडू नयेत म्हणून केलेले. ते वाचताना आपल्याकडचा लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा आठवल्याशिवाय राहत नाही. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनांना सूट. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता, पण पुढे राज्यघटनेत तो आला नाही. म्हणून आपल्याकडे अशा दुकानाची जागा बदलायची तर सगळा प्रश्न परवान्याचा.

खरं सांगायचं तर शाळेशेजारी बंदुकांचं दुकान मलाही नको. सॅन लॉरेन्झोच्या लोकांच्या जागी मीही सही केली असती. तरी एक गोष्ट टोचते. नियमात बसणारी एकही जागा नाही, हा आरोप पुराव्यावर कधी तपासलाच गेला नाही. तो खरा धरला तरी घेणाऱ्याचं काय बिघडलं, असं म्हणून कोर्ट पुढे गेलं. नको असलेल्या गोष्टीवर बंदी घालायची तर उघड घालावी, तिची जबाबदारी घ्यावी. फुटपट्टीमागे लपू नये. इथे देवळासाठी जागा घेताना आपली माणसंही याच झोनिंगशी झगडली आहेत. देवळांच्या पाठीशी निदान २००० सालचा वेगळा कायदा आहे. बाकीच्यांचं काय?

असो. मामा, भाजीपेक्षा जरा अवघड आहे, एवढंच.