चाकाच्या तुंब्यातले कुलूप : मूळचे ठेवावे की बदलावे?

बैलगाडीच्या चाकात ज्या जागेला तुंबा म्हणतात, त्याच जागी काही फोर-व्हील ड्राइव्ह वाहनांच्या पुढच्या चाकांवर एक लहानसे यंत्र बसवलेले असते. त्याला लॉकिंग हब म्हणतात. हे हब ‘लॉक’ केले की चाक आणि पुढच्या ॲक्सलचा शाफ्ट एकमेकांना जोडले जातात आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत पोचते. ते मोकळे केले की चाक आपल्या बेअरिंगवर स्वतंत्र फिरते. शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागच्या जागी स्वस्थ राहतात. पक्क्या रस्त्यावर चालताना हा सगळा लोखंडी संसार विनाकारण फिरत राहू नये, त्याची झीज, आवाज आणि इंधनाचा खर्च टळावा, एवढाच या योजनेचा हेतू.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला अशी सोय नव्हती. तिच्या पुढच्या चाकांना साधी, कायम जोडलेली फ्लँज असे. युद्ध संपल्यावर शिल्लक राहिलेल्या जीप अमेरिकेत शेतकऱ्यांच्या आणि सामान्य नागरिकांच्या हाती आल्या, रोजच्या रस्त्यावर धावू लागल्या आणि ही उणीव जाणवू लागली. 1948मध्ये आर्थर वॉर्न यांनी सिएटल येथे सुरू केलेल्या उद्योगाचा पहिला माल म्हणजे या जीपांसाठी बनवलेले लॉकिंग हब. पुढे वाहन कंपन्यांनी ही सोय कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली आणि त्याबरोबर आजचा प्रश्नही जन्माला आला: कारखान्याने दिलेले हब पुरेसे आहे, की ते काढून अधिक दणकट हब बसवावे?

हबचे मुख्य प्रकार तीन. पहिला हाताने फिरवायचा: चालकाने खाली उतरून दोन्ही चाकांवरची चकती ‘फ्री’वरून ‘लॉक’वर न्यायची. दुसरा यांत्रिक स्वयंचलित: शाफ्ट फिरू लागला की हब आपोआप जोडले जाते, ते सुटण्यासाठी टू-व्हील ड्राइव्हमध्ये येऊन गाडी थोडी मागे घ्यावी लागते. या प्रकाराची खोड घाटात कळते. उतारावर इंजिनाच्या ब्रेकवर गाडी सोडली की ताकदीची दिशा उलटते आणि काही हब नेमके तेव्हाच सुटू पाहतात. चिखलात रुतलेली गाडी पुढे-मागे हलवतानाही तोच धोका. तिसरा प्रकार व्हॅक्यूमवर चालणारा: डॅशबोर्डवरची कळ फिरवली की नळ्यांतून हवा ओढली जाते आणि हबमधला पडदा सरकून दाते जुळतात.

हा तिसरा प्रकार समजून घेण्यासाठी फोर्डच्या सुपर ड्यूटी ट्रकांचे उदाहरण उत्तम. 1999च्या मॉडेलपासून एफ-250 आणि एफ-350 या ट्रकांना, चालत्या गाडीत कळ फिरवून फोर-व्हील ड्राइव्ह लावण्याची सोय पर्याय म्हणून मिळू लागली. त्यांच्या हबच्या चकतीवर ‘ऑटो’ आणि ‘लॉक’ अशा दोन खुणा असतात. ‘ऑटो’वर व्हॅक्यूम काम करतो, ‘लॉक’वर हब हाताने कायम जोडता येते. व्हॅक्यूम सोलेनॉइडमधून नळीने स्टीअरिंगच्या नकलपर्यंत येतो, तिथून चाकाच्या बेअरिंगभोवतीच्या बंद पोकळीतून हबपर्यंत पोचतो. या वाटेवर रबरी नळ्या आहेत, शाफ्टवरचे सील आहे, हबच्या ओ-रिंग आहेत. मीठ, चिखल आणि वय यांपुढे रबर टिकत नाही. एका ठिकाणी बारीक गळती झाली तरी हबपर्यंत पुरेसा जोर पोचत नाही.

म्हणूनच ‘हब खराब झाले’ या तक्रारीत पुष्कळदा हब निर्दोष असते. निदान अगदी सोपे आहे. दोन्ही चकत्या हाताने ‘लॉक’वर न्याव्यात आणि मोकळ्या मातीच्या जागेत फोर-व्हील ड्राइव्ह लावून पाहावे. पुढची चाके ओढू लागली तर हबचे दाते शाबूत आहेत. दोष व्हॅक्यूमच्या वाटेत आहे आणि तो नळी किंवा सील बदलून दूर होतो. त्यानंतर एकेक पुढचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे: हब मोकळे असताना शाफ्ट चाकाबरोबर फिरता कामा नये, लॉक असताना फिरलाच पाहिजे. अर्ध्या तासाची ही तपासणी न करता नव्या हबची जोडी विकत घेणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

तपासणी दोन्ही बाजूंची का, यालाही कारण आहे. पुढचे डिफरन्शियल साधे असेल, तर एकच हब सुटलेले असले तरी सगळी ताकद त्या मोकळ्या शाफ्टला फिरवण्यात जाते आणि धडधाकट हबच्या चाकालाही काही मिळत नाही. एक हब गेले म्हणजे अर्धे नव्हे, पुढचे सगळे ओढणे गेले. त्यातून या ट्रकांच्या डॅशबोर्डवरचा दिवा ट्रान्सफर केस जोडली गेल्याची बातमी देतो, हबची नव्हे. दिवा पेटलेला पाहून चालक निश्चिंत होतो आणि नदीच्या उतारावर उतरल्यावर त्याला खरे काय ते कळते.

तरीही बदलण्याची बाजू पोकळ नाही. जे ट्रक वर्षानुवर्षे चिखल, बर्फ किंवा खाऱ्या हवेत राबतात, ज्यांची सील एकदा बदलूनही पुन्हा गळतात, ज्यांच्या चकतीचा प्लॅस्टिकचा भाग झिजून हाताने ‘लॉक’ होणेही बंद झाले आहे, त्यांना पूर्ण धातूचे, हाताने फिरवायचे हब निश्चित लाभते. सर्क्लिप काढली की जुने हब बाहेर येते, नवे बसते. व्हॅक्यूमची नळी मात्र नीट बंद करावी लागते, नाही तर तिच्यातून धूळ-पाणी आत शिरते. खरेदीपूर्वी मॉडेलचे वर्ष पाहावे, कारण 2004पर्यंतच्या आणि 2005नंतरच्या सुपर ड्यूटीचे हब एकमेकांना बसत नाहीत.

किंमत केवळ पैशांची नसते. हाताचे हब घेतले की पावसात, गुडघाभर चिखलात उतरून चकती फिरवणे आले. शहाणा चालक म्हणूनच ती कच्चा रस्ता सुरू होण्यापूर्वी फिरवतो. लॉक केलेले हब घेऊन पक्क्या रस्त्यावर टू-व्हील ड्राइव्हमध्ये गाडी चालवल्याने बिघाड होत नाही; निषिद्ध आहे ते कोरड्या डांबरावर ट्रान्सफर केस जोडणे. पावसाळाभर हब लॉक ठेवले तरी चालते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुढच्या ॲक्सलच्या साखळीत कुठला तरी दुवा सर्वांत कमकुवत असणारच. हब हा दुवा असला तर तो घरातल्या फ्यूजसारखा काम करतो: तुटतो, पण मिनिटांत बदलता येतो. ते फार बळकट केले आणि टायरही मोठे घातले, तर पुढचा घाव शाफ्टच्या सांध्यावर बसतो आणि ते काम रस्त्याच्या कडेला होत नाही.

भारतात हा विषय परका नाही. 1985मध्ये आलेल्या मारुती जिप्सीवर हाताने फिरवायचे हब परिचित होते. तिच्याच कुळातली, 2023मध्ये भारतात आलेली जिम्नी मात्र व्हॅक्यूमवर हब जोडते, आणि ताशी 100 किलोमीटरपर्यंतच्या वेगात चार चाकांवर जाते. परदेशात 1998पासून विकल्या गेलेल्या आधीच्या पिढीच्या जिम्नीत वय झाल्यावर व्हॅक्यूमची गळती हे नेहमीचे दुखणे ठरले आणि पुष्कळ मालकांनी हाताचे हब बसवले. नव्या गाडीच्या मालकाने मात्र वॉरंटी चालू असताना या वाटेला जाण्याचे कारण नाही.

गोव्यात कुळेहून दूधसागरकडे जाणाऱ्या जीपा ओढे ओलांडतात, तशी वाट ज्यांच्या नेहमीची, त्यांनी हब कोणतेही असो, एक पथ्य पाळावे. पाण्यातून आल्यावर चकतीचे झाकण उघडून आत पाणी किंवा दुधाळ झालेले ग्रीस आहे का ते पाहावे. नवे ग्रीस हलक्या हाताने लावावे; ठासून भरले तर हबचे दाते नीट सरकत नाहीत. कोरड्या महिन्यांतही अधूनमधून हब लॉक करून काही किलोमीटर गाडी फिरवावी, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलमधले तेल सगळीकडे पोचते आणि चकती जागच्या जागी गंजून बसत नाही.