राघूची ढोली

आमच्या जव्हारच्या घरात ओसरीच्या तुळईला एक लोखंडी कडी अजून आहे. तिला आजोबांच्या राघूचा पिंजरा टांगलेला असे.

1968 च्या उन्हाळ्यात मोखाड्याकडचा एक मुलगा टोपलीत पळसाची पानं झाकून तीन पिल्लं घेऊन आला. आजोबांनी एक घेतलं, दोन पायली भातावर. घेण्याआधी खांदा पाहिला. पंखाच्या मुळाशी लाल डाग असला की पिल्लू करण पोपटाचं. साध्या पोपटाला तो डाग नसतो, आणि शेपटीसकट मोजला तर तो करण पोपटापेक्षा जवळजवळ वीतभर आखूड भरतो. आमच्या राघूला तिसऱ्या वर्षी कंठ फुटला, गळ्याला काळा, मानेमागे गुलाबी. तेव्हा कळलं की हा नर. मादीला कंठ नसतो. भिजवलेला हरभरा तो एका पायात धरून, साल सोलून खाई. ते बघायला शेजारची मुलं जमत.

पोपट पाळण्याचा हा शौक केवळ आजोबांच्या काळातला नव्हे. सिकंदराच्या माणसांनी पंजाबातून हे पोपट पश्चिमेकडे नेले असं सांगतात. इंग्रजीत करण पोपटाला सिकंदराचंच नाव आहे. पण मला जवळची वाटते ती आपली ‘गाथासप्तशती’. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या संग्रहात झाडाच्या ढोलीतून बाहेर पडणारी राघूंची रांग आहे. पिंजऱ्यातला पोपट सगळ्यांनीच पाहिलेला असतो. ढोलीतला पाहायला रानाजवळ राहावं लागतं.

पिल्लं आणणाऱ्या त्या मुलाला मी विचारलं होतं, कुठून आणलीस? म्हणाला, सावरीच्या ढोलीतून. हात आत जाईना म्हणून कोयत्यानं तोंड मोठं केलं. तेव्हा मी आठ वर्षांची होते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज त्या कोयत्याचाच विचार येतो. हा पोपट काटक्यांचं घरटं बांधत नाही. जुन्या झाडाची पोकळी किंवा सुतार पक्ष्यानं कोरलेलं भोक चोचीनं मोठं करून मादी त्यात दोन ते चार पांढरी अंडी घालते. पिल्लं सात आठवडे आतच असतात. तोंड फोडलेल्या ढोलीत पाऊस शिरतो, घोरपड शिरते. एक पिल्लू विकलं जातं आणि पुढच्या कित्येक विणींचं घर मोडतं.

झाडंही कमी होत गेली. मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानाचं मोठं उत्पन्न जंगलाचं होतं. 1948 ला संस्थान विलीन झालं, तोड चालूच राहिली. नवं साग-रोपवन हिरवं दिसतं, पण त्यात ढोली नसते. ढोलीला झाड म्हातारं व्हावं लागतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या पक्ष्याला संरक्षण मिळालं, 1990-91 पासून देशी पोपटांचा व्यापार पूर्ण बंद झाला. तरी पिल्लं चोरून विकली जातात. करण पोपट आज जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे. आमच्याकडे नागली-वरीच्या कणसांवर उतरणारे थवे साध्या पोपटांचे असतात. करण पोपटाचा जाड, घोगरा आवाज मला क्वचित ऐकू येतो.

आमचा राघू पिंजऱ्यातच मेला. आजोबांनी दुसरा आणला नाही.

जव्हार-मोखाड्यातल्या माझ्या माणसांना एवढंच सांगते: बांधावर वठलेली सावर किंवा ऐन असेल आणि तिला ढोली असेल, तर सरपणाला दुसरं झाड बघा. ढोलीचं झाड उभं राहू द्या.