मथळ्याचा जाड टाईप व उत्रोलीचे कागद

भोरनजीकचें उत्रोली हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस रोहिडखोऱ्यांतील खोपडे देशमुखांमुळें परिचित आहे. १६५९ मध्यें अफझलखान स्वारीवर आला तेव्हां खंडोजी खोपडे त्यास जाऊन मिळाला. पुढें कारीच्या कान्होजी जेध्यांनीं रदबदली केल्यामुळें त्याचा जीव वांचला. परंतु शिवाजीमहाराजांनीं त्याचा एक हात व एक पाय तोडविला. अशा घराण्याचे कागद छापतांना मथळ्यास कोणता टाईप घालावा, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आमच्या मतें तो तसा नाहीं.

मोडी कागदांत शब्द ठळक करण्याची चाल सामान्यतः नव्हती. बोरूची जाडी आरंभापासून अखेरपर्यंत बहुधा एकच. कागदाचें वजन शिक्क्यावरून व मोर्तबावरून ठरे. पोथ्यांत हिंगुळाची तांबडी शाई असे. पण ती ‘उवाच’, दंड, अध्यायाची समाप्ति एवढेंच दाखवी, निवाडा सांगत नसे.

जाड मथळा ही छापखान्याची देणगी होय. लंडन येथें १८४५ मध्यें रॉबर्ट बेस्ली यानें ‘क्लॅरेंडन’ नांवाचा जाड, अरुंद व टोंकांस पट्ट्या असलेला टाईप कायद्यान्वयें नोंदविला. थोड्या जागेंत शब्द उठून दिसावा हा त्याचा हेतु. तीन वर्षांची मुदत संपतांच इतरांनीं त्याच्या नकला केल्या. मुंबईस जावजी दादाजी यांनीं १८६४ मध्यें टाईपफौंड्री व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला, आणि देवनागरी टाईप सुबक झाला. परंतु अरुंदपणा देवनागरीस सहज मानवत नाहीं. वर मात्रा, खालीं उकार, मध्यें जोडाक्षरें. दांडे जवळ आणून जाड केले कीं ‘ष’, ‘क्ष’ यांची पोटें शाईनें बुजतात. म्हणून जाड देवनागरी मथळा रुंद होतो, आणि रुंद मथळा ओळींत बसविण्यास शब्द तोडावे लागतात.

येथेंच धोका आहे. ‘वतनाच्या वांटणीविषयीं खोपड्यांचा महजर’ हें लांब पडतें. ‘खोपड्यांची फितुरी’ हें नेमकें बसतें. वाचक प्रथम तेंच वाचतो, आणि खालचा कागद भाऊबंदकीचा असला तरी त्यांत फितुरी शोधूं लागतो. जुळाऱ्याच्या सोयीनें झालेली ही काटछांट मग पुढील ग्रंथांत प्रमाण म्हणून उतरते. मूळ लेखकाच्या बोरूनें जें म्हटलेंच नव्हतें, तें अशा रीतीनें त्याच्या नांवावर जमा होतें.

यास्तव आमची सूचना अशी कीं, जाड टाईप लेखांक व तारीख यांपुरताच ठेवावा. मथळा साध्या टाईपांत, चौकटी कंसांत, संपादकाचा म्हणून द्यावा. आणि शिक्का व मोर्तब कोठें आहेत तें नमूद करावें. संग्राहकांनींही कागदाच्या छापील प्रतीवर विसंबून मूळ कागद हातावेगळा करूं नये. मथळा संपादकाचा असतो; शिक्का मात्र कागदाचाच.